दुखलं की बस

लाँड्रीत तिला सगळे वहिनी म्हणत. खरं तर ती वहिनी एकाच बाईची, तिच्याबरोबर चादरींच्या घड्या घालणाऱ्या नणंदेची. पण नणंद दिवसभर "वहिनी, धर", "वहिनी, सोड" असं ओरडत असायची, त्यामुळे ड्रायरवाल्यांपासून गाडीत गठ्ठे चढवणाऱ्यांपर्यंत सगळ्या जगाची ती वहिनी झाली. सुपरवायझरसुद्धा तिला वहिनीच म्हणायचा, आणि तो काही कुणाला नात्यानं हाक मारणाऱ्यांतला नव्हता. शर्टाला कडक इस्त्री, चेहऱ्यालाही तीच. त्याच्या पाठीमागं त्याला सगळे परीटघडी म्हणत.

नणंद-भावजयीचं कधी पटत नाही असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्या दोघींना चादर धरून उभं राहिलेलं पाहिलं नसावं. हॉस्पिटलच्या आणि हॉटेलांच्या मोठ्या चादरी मशीनमध्ये अडकायच्या, म्हणून त्यांची घडी हातानं घालायची, आणि ते एकटीचं काम नाही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा, हाताला हात आणून लांबी दुमडायची, पुन्हा एकदा दुमडायची. मग चालत एकमेकींकडं यायचं, एकीनं आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे, वाकून खालची दुमड उचलायची आणि परत मागं जायचं. चालणं, वाकणं, उठणं, मागं जाणं. नियम एकच, चादर जमिनीला लागता कामा नये. लागली की ती मळलेली, परत धुवायला.

वहिनीला या नोकरीला चिकटवलं होतं नणंदेनंच, लग्न होऊन आली तेव्हा. वहिनी तिला रीतीप्रमाणं 'वन्सं' अशी हाक मारायची, पण बोलणं सगळं अगं-तुगं. चादर धरून माणूस किती दिवस अहो-जाहो करणार?

गेल्या थंडीत वहिनीचा नवरा गेला. म्हणजे नणंदेचा दादा. बरेच महिने अंथरुणाला खिळून होता, त्यामुळे लोक म्हणाले की सुटला. वहिनीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आलेल्या बायका वाट बघून थकल्या, एकीनं तर "रड गं बाई, मोकळी हो" म्हणून तिची पाठ चोळली, जणू तिला उचकी लागली होती. वहिनीनं पाठ चोळू दिली. तिला वाईट वाटत नव्हतं, बरं वाटत नव्हतं, काहीच वाटत नव्हतं. चहा कोमट असला तरी तिला कळायचं नाही. ती कामावर परत आली, चादरी धरू लागली, आणि सगळे म्हणाले, वहिनी खंबीर आहे. लोकांना खंबीर आणि बधिर यांतला फरक कळत नाही, आणि कळला तरी सोयीचं तेच ते म्हणतात.

सगळ्या अंगात जागे होते ते फक्त गुडघे. तिचे गुडघे जुने दुखणेकरी, सिमेंटच्या फरशीवर उभं राहून झालेले. गुडघ्याची आपल्याकडं कायम थट्टाच झालीय. एखाद्याला अक्कल नसली तर ती गुडघ्यात, लग्नाची घाई झाली तर बाशिंग गुडघ्याला, कुणी हरला तर त्यानं गुडघे टेकले. बिचारा गुडघा दिवसभर अख्ख्या माणसाला उचलून धरतो, त्याचं कौतुक कुणाला नाही. लाँड्रीत निम्म्या लोकांचे गुडघे दुखत, आणि सुट्ट्या वाढायला लागल्या तेव्हा मालकांनी एक बाई आणली.

बाई हॉस्पिटलात व्यायाम शिकवून निवृत्त झालेली, पांढऱ्या केसांची, ठणठणीत आवाजाची. पहिल्याच दिवशी तिचं नाव गुडघेबाई पडलं आणि तिला ते कळलं तेव्हा ती खूश झाली. सगळ्यांना गोळा करून ती म्हणाली, "गुडघा दुखतो म्हणून त्याला गादीवर ठेवाल, तर तो गादीवरच राहील. त्याला हळूहळू कामाला लावायचं. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, जरा धरून ठेवायचा, सोडायचा. हात न टेकता खुर्चीतून उठायचं. रोज थोडं चालायचं. थोडी कुरकुर करेल, करू दे. मांडी दणकट झाली की गुडघ्यावरचा भार कमी होतो."

मग ती एकेकाजवळ जाऊन गुडघे चाचपू लागली. तिच्या वयाला शोभेल असं ती सगळ्यांना अरे-तुरे, अगं-तुगं करायची. वहिनी शेवटी, ड्रायरच्या अगदी शेजारी उभी होती. बाईंनी तिचा गुडघा दोन्ही हातांनी वाकवून पाहिला.

"तू चालणं सोडू नकोस," बाई म्हणाल्या. "रोज चालायचं. जास्त दुखायला लागलं की बस..."

तेवढ्यात ड्रायर सुरू झाला. बाईंचे ओठ हलत राहिले, वहिनी मान डोलावत राहिली. पुढचं सगळं ड्रायरनं गिळलं.

वहिनी सांगितलेलं ऐकणारी. दुखलं की बस, म्हणजे बसायचं. सोपं होतं. तिनं एक रिकामी टोपली उपडी करून चादरींच्या टेबलाशेजारी ठेवली, आणि गुडघा दुखला की ती बसू लागली. गुडघा तर दुखायचाच. घरी सून भली होती, "आई, तुम्ही बसा" म्हणून हातातला झाडू काढून घ्यायची. सकाळी खुर्चीवर बस, संध्याकाळी खिडकीशी बस, मध्ये टोपलीवर बस. बसून गुडघा असा आखडला की उठताना बंद घराच्या बिजागरीसारखा करकरायचा, मग तो दुखायचा, आणि दुखला की बस. वहिनीला वाटायचं, आपण बाईंचं तंतोतंत ऐकतोय. बरं वाटत नाही ही आपली चूक.

इकडं नणंद चादरीचं एक टोक धरून ताटकळत उभी राहायची. परीटघडी हे बघत होता. एके दिवशी तो टेबलापाशी आला आणि आपला कफ नीट करत म्हणाला, "वहिनी, तुम्हाला त्रास होतोय. पुढच्या महिन्यापासून नॅपकिनच्या खोलीत जा. बसून काम आहे."

नॅपकिनची खोली मागच्या बाजूला होती. एक टेबल, एक खुर्ची, समोर भिंत. एकटीनं नॅपकिन दुमडत बसायचं. तो उपकार करतोय असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि उपकार करणाऱ्याशी भांडणं अवघड असतं.

"बरं," वहिनी म्हणाली.

"बरं काय बरं!" नणंद कडाडली. "गुडघेबाईंना विचारल्याशिवाय ती कुठंही जायची नाही."

वहिनीला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. फक्त घरी जाताना तिच्या लक्षात आलं की आता दिवसभरात तिच्या चेहऱ्याजवळ एकच चेहरा येतो. प्रत्येक चादरीला एकदा नणंद चालत येते, इतकी जवळ की तिच्या डोक्याच्या तेलाचा वास येतो, कोपरे हातात देते आणि मागं जाते. भिंतीसमोर बसलं की तेही बंद. हे तिला दुःखासारखं वाटलं नाही, बातमी कळावी तसं कळलं. पण पाऊल थांबलं खरं.

गुडघेबाई पुढच्या फेरीला आल्या, तेव्हा नणंदेनं आधी त्यांना नॅपकिनच्या खोलीचं सांगितलं. त्यांनी वहिनीचा गुडघा वाकवला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा तर आधीपेक्षा आखडलाय. चालतेस ना?"

"चालते. मग दुखतो."

"दुखला की काय करतेस?"

"बसते."

"आणि मग?"

"मग बसलेलीच असते."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच," वहिनी म्हणाली. "दुखायला लागलं की बस."

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं माझे बाई! बस म्हणजे पुरे! त्या वेळेपुरतं पुरे. दुखायला लागलं की बस, जरा थांबायचं, मग पुन्हा. मग पुन्हा, असं म्हटलं होतं मी!"

आधी ड्रायरवाला हसला. मग सगळी लाँड्री हसली, नणंद तर टेबलाला धरून हसली, परीटघडीच्या चेहऱ्यावरसुद्धा एक सुरकुती पडली. सगळे हसतायत हे बघून जरा उशिरानं वहिनीही हसली.

"जीभ माझी, गुडघा तुझा," बाई म्हणाल्या, आणि परीटघडीकडं वळल्या. "चूक माझी आहे, शिक्षा हिला नको. मला माझ्या पुढच्या फेरीपर्यंत वेळ द्या. त्या दिवशी हिनं एक भरलेली ट्रॉली घडी घालून दाखवायची. मध्ये थांबली तरी चालेल."

परीटघडीनं विचार केला. "थांबलेलं चालेल," तो म्हणाला. "पण एकही चादर जमिनीला लागता कामा नये. लागली तर नॅपकिन."

त्या दिवसापासून नणंद हात धुऊन तिच्या मागं लागली. चहाच्या सुट्टीत इतर लोक बाकांवर पसरायचे आणि या दोघी मागच्या अंगणात बॉयलरच्या भिंतीकडेनं चालायच्या. आधी भिंतीच्या टोकापर्यंत, पुढं गाड्या लागतात तिथपर्यंत, मग फाटकापर्यंत. दुखायला लागलं की वहिनीनं म्हणायचं "बस", भिंतीला टेकून थांबायचं, जरा ओसरलं की पुन्हा. घरी गेल्यावर खुर्चीत पाय सरळ करून धरायचा. सून "तुम्ही बसा" म्हणाली की आता ती म्हणायची, "बसलेय गं, बसूनच व्यायाम चाललाय."

लाँड्रीला तर नवा विनोदच मिळाला. कुणी कशालाही बस म्हटलं की समोरचा विचारणार, "कोणतं बस? पुरेचं की बुडाचं?" चहावाला कपात चहा ओतायचा, घेणारा बस म्हणायचा, आणि चार जण एकदम ओरडायचे, "कोणतं?" शिळा होईपर्यंत तो विनोद चालला, आणि शिळा झाल्यावरही चालला.

गुडघा सुधारत होता. दुखायचा थांबला नव्हता, बाईंनी तसं वचनही दिलं नव्हतं. पण उठताना करकरेना, आणि फाटकापर्यंत जाऊन येणं जमायला लागलं.

एकदा फाटकापाशी तिच्या पोटरीत गोळा आला. नणंदेनं तिला पायरीवर टेकवलं, समोर उकिडवी बसली आणि तिचा पाय मांडीवर घेऊन दाबू लागली. चांगलं दाबत होती. थोड्या वेळानं वहिनी म्हणाली, "बस."

"कोणतं?" नणंद सवयीनं म्हणाली.

वहिनी उत्तर द्यायला गेली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

पाय असेच मांडीवर होते. तिच्या मांडीवर, नवऱ्याचे. दुपारची वेळ होती, ती त्याचे पाय दाबत होती, आणि तो डोळे न उघडता म्हणाला होता, "बस." तिनं हात काढले. बरं म्हणाली. पांघरूण पायावर ओढलं आणि दोरीवरचे कपडे काढायला अंगणात गेली. एक चादर वाळली होती. एकटीनं चादरीची घडी घालणं कटकटीचं, हनुवटीखाली मध्य धरून, हात ताणून तिनं ती घातली, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. घडी घेऊन आत आली तेव्हा तो गेलेला होता.

कोणतं बस?

"काय झालं?" नणंदेनं विचारलं.

"काही नाही. पुरे म्हणाले."

त्या दिवसापासून तिच्या तोंडून तो शब्द निघेना. थांबायचं झालं की ती नुसती थांबायची. नणंदेला सांगावं असं तिला वाटायचं, मग वाटायचं, कशासाठी? तो तिचा भाऊ. सांगितलं आणि तिनं चादरीचं टोक टाकून दिलं तर? गुडघ्यानं नाही गेली ती जागा या एका शब्दानं जाईल. वहिनीला भीती वाटत होती. फार दिवसांनी काहीतरी वाटत होतं, आणि ते नेमकं हे होतं.

ट्रॉलीचा दिवस आला. गुडघेबाई खुर्ची घेऊन एका बाजूला बसल्या, परीटघडी घड्याळाकडं बघत दुसऱ्या बाजूला उभा राहिला. ट्रॉली हॉस्पिटलच्या चादरींनी काठोकाठ भरलेली. नणंदेनं पहिली चादर उचलली. "धर," ती म्हणाली.

सुरुवातीला सगळं छान चाललं. झटका, दुमड, दुमड, चालत पुढं, कोपरे दिले, वाकून उचलली, मागं. घड्यांचा ढीग वाढत होता. निम्मी ट्रॉली रिकामी झाल्यावर डावा गुडघा बोलायला लागला, आधी कुरकुर, मग ओरडा. वहिनी थांबली नाही. पुढं येताना तिचा श्वास अडकलेला नणंदेनं ऐकला.

"दुखतंय," नणंद हळूच म्हणाली. "बस म्हण ना. थांबलेलं चालतं."

वहिनीनं मान हलवली आणि चादर झटकली.

"अगं, हट्ट कसला करतेस? बस म्हण."

"म्हणवत नाही."

"का?"

दोघींच्या मध्ये अख्खी चादर ताणलेली होती. ड्रायर सुरू होता, बाकी कुणाला ऐकू जाणार नव्हतं. वहिनी म्हणाली, "हे म्हणाले होते. त्या दिवशी. मी पाय दाबत होते आणि हे म्हणाले, बस. मला वाटलं पुरे. मी उठले आणि गेले, वन्सं. ते बस म्हणाले आणि मी उठून गेले."

बोलता बोलता तिचे हात खाली आले. चादरीला झोळ पडला आणि तो झरझर जमिनीकडं निघाला. परीटघडीनं मान पुढं काढली. नणंदेच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, तिनं फक्त दोन पावलं मागं टाकली आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेले. चादर ताणली गेली. झोळ जमिनीच्या बोटभर वर थांबला आणि वर आला.

"हात वर कर," नणंद म्हणाली. वहिनीनं केले.

दुमड. पुन्हा दुमड. नणंद चालत आली, कोपरे वहिनीच्या हातात दिले, पण नेहमीसारखी वाकली नाही. तिथंच उभी राहिली, तेलाच्या वासाइतकी जवळ. तिचे डोळे भरले होते.

"दादा आयुष्यभर अर्धंच बोलला," ती म्हणाली. "मीठ. पाणी. बस. पुढचं आपण ओळखायचं. कंजूष मेला."

"मी चुकीचं ओळखलं."

"असेल," नणंद म्हणाली. "नसेलही. आता कुणाला विचारणार?"

ते खोटं नव्हतं आणि त्यात दिलासाही नव्हता. नणंदेनं खाली वाकून दुमड उचलली, घडी पुरी केली आणि ढिगावर ठेवली. मग पायानं ती उपडी टोपली ओढली, शेजारी दुसरी ओढली.

"बस," ती म्हणाली.

वहिनीनं तिच्याकडं पाहिलं.

"खाली बस," नणंद म्हणाली. "माझ्याजवळ."

वहिनी बसली. नणंद तिच्या शेजारी बसली, गुडघ्याला गुडघा लावून. परीटघडी काहीतरी म्हणायला पुढं झाला, पण गुडघेबाईंनी जागेवरूनच सांगितलं, "दुखलं की बस. मीच शिकवलंय."

"दुखतंय?" थोड्या वेळानं नणंदेनं विचारलं.

"हो."

"डावा?"

वहिनीनं मान हलवली. तिचे ओठ थरथरत होते, आणि ते थांबवावेत कसे हे तिला कळत नव्हतं.

"सगळीकडं," ती म्हणाली. "सगळीकडं दुखतंय गं."

आणि ती रडली. मोठ्यानं, वेडंवाकडं, नाक पुसायचं भान नसलेलं. ड्रायरवाल्यानं ड्रायर बंद केला, मग कुणीतरी हातानं खूण केल्यावर त्यानं तो परत सुरू केला, तेवढाच आडोसा. नणंदेनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला, पाठ चोळली नाही. ती स्वतःही रडत होती, तो तिचाही दादा होता.

परीटघडी ट्रॉलीभोवती फिरला. फरशीकडं बघितलं. फरशीवर काही नव्हतं. त्यानं कफ नीट केला, घसा खाकरला आणि गुडघेबाईंना उद्देशून म्हणाला, "नॅपकिनसाठी मी दुसरं कुणीतरी बघतो. पण या चादरी संध्याकाळच्या गाडीला लागतील."

तो गेल्यावर नणंद आधी उठली. तिनं वहिनीपुढं हात केला. वहिनीनं पदरानं तोंड पुसलं, हात धरला नाही, बाईंनी शिकवल्याप्रमाणं हात न टेकता, मांडीच्या जोरावर आपली आपण उठली. गुडघा दुखला. उभी राहिल्यावरही दुखत होता.

"पुन्हा?" नणंदेनं विचारलं.

"पुन्हा," वहिनी म्हणाली, आणि ट्रॉलीतली पुढची चादर या वेळी तिनं उचलली.